रसायनांच्या सुरक्षा चाचण्यांत जनुकबदल केलेले प्राणी: त्यांच्या ‘नाही’ला किती किंमत द्यावी?

अर्धविराम (धागाकर्ता)

एखादे रसायन माणसात कर्करोग निर्माण करू शकते का, हे ठरवण्याची रुळलेली पद्धत अशी: रॅट आणि उंदीर या दोन्ही जातींच्या प्राण्यांना जवळजवळ आयुष्यभर, म्हणजे दोन वर्षे, ते रसायन देत राहायचे आणि अखेरीस प्रत्येक प्राण्याचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. तीन मात्रांचे तीन गट, एक नियंत्रण गट आणि प्रत्येक गटात 50 नर व 50 माद्या धरल्या, तर एका जातीमागे 400 आणि एका रसायनापायी 800 प्राणी लागतात. मात्रा ठरवण्यासाठीच्या पूर्वचाचण्या आणि नंतर ऊतींचे काप तपासण्याचे काम हिशेबात घेतले, तर निष्कर्ष हाती येईपर्यंत चार-पाच वर्षे सहज उलटतात. वापरात असलेली रसायने हजारोंच्या घरात असताना ही गती पुरी पडणारी नाही, याबद्दल कोणाचे दुमत नसावे.

यावरचा एक उपाय म्हणून जनुकबदल केलेले उंदीर पुढे आले. निरोगी पेशीची कर्कपेशी होण्यासाठी एकामागून एक अनेक जनुकीय बिघाड व्हावे लागतात. त्यांतला एक बिघाड प्राण्यात जन्मतःच घालून ठेवला, तर उरलेले घडवून आणायला रसायनाला कमी वेळ लागेल आणि गाठी दोन वर्षांऐवजी सहा महिन्यांत दिसतील, असा त्यामागचा विचार आहे. गाठींना आवर घालणारे पी53 हे जनुक निकामी केलेल्या उंदरांचे वर्णन 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात या जनुकाची एकच प्रत शाबूत असते ते उंदीर पहिले सहा-सात महिने बहुतांशी गाठींविना जगतात, त्यामुळे त्या अवधीत रसायन दिलेल्या गटात गाठी आल्या तर त्यांचा अर्थ लावता येतो. जपानमधील कावासाकीच्या प्रायोगिक प्राण्यांच्या केंद्रीय संस्थेत तयार झालेल्या रासएच2 या उंदरात पेशींच्या वाढीला चालना देणारे मानवी एच-रास जनुक बसवलेले आहे. त्याची चाचणी 26 आठवडे चालते आणि प्रत्येक गटात साधारणपणे 25 नर व 25 माद्या पुरतात, म्हणजे प्राणीही कमी लागतात. औषध-नोंदणीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या आयसीएचने 1997 मध्ये रॅटवरची दोन वर्षांची चाचणी कायम ठेवून दुसऱ्या, उंदरावरच्या चाचणीच्या जागी असा अल्पमुदतीचा पर्याय मान्य केला. कीटकनाशके आणि औद्योगिक रसायने यांच्या बाबतीत मात्र अजूनही जुन्याच चाचणीवर भर आहे.

या पद्धतीची ताकद कुठे दिसते, तर फिनॉल्फ्थॅलिनच्या प्रकरणात. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लारी ओळखण्यासाठी वापरला जाणारा हा पदार्थ अनेक दशके रेचक म्हणून सर्रास विकला जात होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाच्या दोन वर्षांच्या चाचण्यांत त्यामुळे प्राण्यांना गाठी झाल्याचे आढळले, आणि पी53ची एकच प्रत असलेल्या उंदरांत तर सहा महिन्यांतच छातीतल्या थायमस ग्रंथीत लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगाच्या गाठी, दिसू लागले. त्या गाठींच्या डीएनएची तपासणी केली असता उरलेली चांगली प्रतही नाहीशी झाल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे येथे प्राण्याला गाठ झाली एवढेच कळले नाही, तर गाठ कोणत्या वाटेने झाली याचाही धागा हाती लागला. 1999 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विनाचिठ्ठी मिळणाऱ्या रेचकांतून हा पदार्थ बाद केला.

मला चर्चा हवी आहे ती याच्या उलट बाजूची. असा उंदीर ‘होय’ म्हणतो तेव्हा तपासाला दिशा मिळते. तो ‘नाही’ म्हणतो तेव्हा काय समजावे? राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडीवर जनुकबदल केलेल्या उंदरांच्या तीन प्रकारांत चाचण्या घेतल्या आणि 2005 मध्ये अहवाल दिला. कर्करोगाचा पुरावा आढळला नाही. परंतु हे प्रारूप (म्हणजे चाचणीसाठी घडवलेला असा प्राणी) नवे असल्यामुळे कर्ककारक परिणाम पकडण्याइतकी संवेदनशीलता या अभ्यासात होती की नाही याविषयी अनिश्चितता आहे, अशी पुस्तीही अहवालातच जोडलेली आहे. इतकी प्रामाणिक पुस्ती मी फार थोड्या अहवालांत वाचली आहे, पण ती वाचल्यावर ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याने नेमके काय करायचे, हा प्रश्न उरतोच. माझे मत असे की जनुकबदल केलेला प्राणी हा एका ठरावीक प्रश्नासाठी घडवलेला असतो आणि त्याच प्रश्नापुरते त्याचे उत्तर ग्राह्य धरावे. सर्वसाधारण ‘सुरक्षित’ असा शिक्का त्याच्या आधाराने मारू नये.

प्रतिसाद: साक्षेपी

धाग्यातील मुख्य मुद्द्याशी मी सहमत आहे. मात्र सर्व प्रारूपे एकाच मापाने मोजू नयेत. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक कंपन्या, सरकारी संस्था आणि विद्यापीठे यांनी मिळून 21 रसायनांवर या प्रारूपांची तुलना केली. त्यातून ढोबळमानाने असे दिसले की पी53चा उंदीर डीएनएला थेट इजा करणाऱ्या रसायनांसाठी उपयोगी आहे आणि इतर मार्गांनी कर्करोग घडवणाऱ्या रसायनांना तो फारसा बधत नाही, तर रासएच2ची झेप काहीशी मोठी आहे. म्हणूनच आज औषधांच्या नोंदणीसाठी जवळजवळ सगळे रासएच2कडेच वळतात. डीएनएला इजा न करणाऱ्या रसायनाची चाचणी पी53च्या उंदरात घेऊन ‘काही आढळले नाही’ असे सांगणे म्हणजे ज्या दारातून चोर येणारच नव्हता तिथे राखण करण्यासारखे आहे.

टीजी-एसी या तिसऱ्या उंदराची कथा विशेष बोधक आहे. यात विषाणूकडून आलेले रास जनुक घातलेले असून त्वचेवर लावलेल्या रसायनाने मस्से येतात का, हे पाहिले जाते. मस्से डोळ्यांनी मोजता येतात, त्यासाठी प्राण्याला मारून अवयव कापण्याची गरज नसते, म्हणून सुरुवातीला त्याचे मोठे कौतुक झाले. परंतु काही काळाने असे लक्षात आले की वसाहतीतील काही उंदीर ज्या पदार्थाने हमखास मस्से यायला हवेत त्यालाही प्रतिसाद देईनासे झाले आहेत. घातलेले जनुक तर नेहमीच्या तपासणीत जागच्या जागी दिसत होते. खोलात गेल्यावर कळले की त्या जनुकाच्या प्रती एका ठिकाणी एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या होत्या, ती उलटसुलट रचना डीएनएमध्ये मुळातच अस्थिर असते, आणि पिढ्या पुढे सरकताना काही प्राण्यांत तिचा नेमका तोच भाग गळून गेला होता. बाहेरून उंदीर तोच, कागदावर वंश तोच, पण उपकरण म्हणून तो निकामी. शिवाय याच उंदरांना त्वचेची पूर्ण जाडी भेदणारी जखम झाली तर रसायनाशिवायही मस्से येतात; त्यामुळे पाठीचे केस काढताना झालेली इजा किंवा नरांची आपसातली चावाचावी यांचाही निकालात वाटा असू शकतो. वंशावळीचा कागद आणि प्राणी यांतले हे अंतर अहवाल वाचणाऱ्याला कधीच दिसत नाही. प्रत्येक चाचणीत ज्ञात कर्ककारक दिलेला एक गट का ठेवावा लागतो, हे या उदाहरणावरून समजते. रासएच2च्या चाचणीत त्यासाठी बहुधा मिथिल-नायट्रोसोयुरियाचे एकच इंजेक्शन देतात.

प्रतिसाद: रानजाई

चर्चा चांगली चालली आहे, पण ‘कमी प्राणी लागतात’ हे विधान इतक्या सहजपणे पुढे जाऊ देणे मला पटत नाही. 800च्या जागी काही शे, हे चाचणीच्या खोलीत शिरलेल्या प्राण्यांचे गणित झाले. त्या खोलीपर्यंत न पोहोचलेल्या प्राण्यांचे काय? रासएच2चा चाचणीचा उंदीर दोन वंशांच्या संकरातून मिळतो आणि घातलेले जनुक पालकांपैकी एकाकडूनच येत असल्याने सरासरीने निम्म्याच पिल्लांत ते उतरते. युरोपीय संघाने 2017 या वर्षासाठी जी मोजदाद केली, तिच्यात पैदास होऊनही कोणत्याही प्रयोगात न वापरता मारलेल्या प्राण्यांची संख्या सुमारे 1 कोटी 26 लाख निघाली. त्यांतले सगळे काही रसायनांच्या चाचणीसाठी नव्हते, बहुतांश मूलभूत संशोधनासाठीच्या वसाहतींतले होते, हे मला मान्य आहे. पण जनुकबदल केलेल्या वंशांची पैदास हे त्या आकड्यामागचे एक मोठे कारण आहे, हेही तितकेच खरे.

दुसरी गोष्ट वेदनेची. ज्या प्राण्याला कर्करोग लवकर व्हावा म्हणूनच घडवले, त्याला रसायन न देताही त्रास होण्याची शक्यता असते. प्रयोगांतील प्राण्यांच्या संरक्षणासाठीच्या युरोपच्या 2010च्या निर्देशानुसार अपायकारक लक्षणे दाखवणाऱ्या जनुकबदल वंशाची नुसती पैदास करणे हाही प्रयोगच मानला जातो आणि त्याला परवानगी लागते, हे योग्यच आहे. हा वाद नवा नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘ऑन्कोमाऊस’ला, म्हणजे कर्करोगाला प्रवृत्त केलेल्या उंदराला, अमेरिकेत 1988 मध्ये पेटंट मिळाले, तोच अर्ज युरोपीय पेटंट कार्यालयापुढे गेला तेव्हा एका पारड्यात प्राण्याचे दुःख आणि दुसऱ्यात माणसाचा लाभ असे वजन करून मगच निर्णय द्यावा, अशी भूमिका तेथील अपील मंडळाने घेतली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर 2002 मध्ये प्राण्यावर पेटंट देण्यासच 5 विरुद्ध 4 अशा निसटत्या बहुमताने नकार दिला. लाभाचे पारडे जड ठरवायचे, तर अर्धविराम यांनी विचारलेला प्रश्न आधी सुटायला हवा. ज्या चाचणीच्या ‘नाही’वर कोणी विश्वास ठेवणार नसेल, तिच्यासाठी एकही प्राणी खर्ची का घालावा?

प्रतिसाद: पाटीपेन्सिल

येथे आतापर्यंत फक्त कर्करोगाला आधीच प्रवृत्त केलेल्या उंदरांची चर्चा झाली. मी ज्या प्रकारच्या उंदरांवर काम केले आहे ते पूर्णपणे वेगळे आहेत आणि रानजाई यांचा वेदनेचा मुद्दा त्यांना तसाच लागू होत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

1989 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी एका उंदराच्या गुणसूत्रात जीवाणूंना लागण करणाऱ्या लॅम्डा विषाणूचे संपूर्ण डीएनए बसवले आणि त्या विषाणूच्या पोटात जीवाणूचे लॅक-झेड हे जनुक ठेवले. यालाच ‘म्यूटा-माऊस’ म्हणतात. त्यानंतर ‘बिग ब्लू’ आणि जपानमध्ये विकसित झालेला ‘जीपीटी डेल्टा’ हे त्याचे भाऊबंद आले. उंदराच्या शरीरात या जनुकाला काहीही काम नसते. ते प्रत्येक पेशीत गुपचूप पडून राहते आणि उंदीर इतर कोणत्याही उंदरासारखा जगतो. रसायनाने डीएनएमध्ये बिघाड केला, तर या पडून राहिलेल्या जनुकातही त्या प्रमाणात बिघाड होतात, आणि एकदा पक्के झालेले हे बिघाड पेशींच्या निवडीत पुसले जात नाहीत, कारण त्या जनुकाच्या असण्या-नसण्याने पेशीला काहीच फरक पडत नाही.

आता ते बिघाड मोजायचे कसे? ऊतीतून डीएनए काढले की ते चिकट, जवळजवळ नाकातल्या शेंबडासारखे असते आणि तसेच असायला हवे, कारण विषाणूचा अखंड तुकडा सुमारे 47 हजार अक्षरांचा असतो. घाईने, बारीक तोंडाच्या नळीने ते वरखाली केले की तुकडे होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून आम्ही नळीचे टोक कापून रुंद करतो आणि डीएनए रात्रभर आपोआप विरघळू देतो. मग त्यात विषाणूची प्रथिने असलेला अर्क मिसळतात. अर्कातील प्रथिने त्या डीएनएमधून विषाणूचे तुकडे बरोबर कापून घेतात आणि त्यांभोवती कवच चढवतात, म्हणजे उंदराच्या यकृतातून निघालेले डीएनए काही तासांत जिवंत, लागण करू शकणारा विषाणू होऊन बाहेर पडते. कितीदा केले तरी मला याचे नवल वाटत आले आहे.

हा विषाणू एका खास ई. कोलाय जीवाणूवर सोडतात. त्या जीवाणूत गॅलॅक्टोज पचवणाऱ्या साखळीतला एक दुवा मुद्दाम तोडलेला असतो. पोषणद्रव्यात फिनाइल-गॅलॅक्टोज घातलेले असते. लॅक-झेड जनुक धडधाकट असेल तर ते हा पदार्थ तोडते, तयार झालेले गॅलॅक्टोज पुढे पचत नाही, जीवाणू विषबाधेने मरतो आणि विषाणूलाही वाढता येत नाही. जनुक बिघडलेले असेल तरच जीवाणू तगतो, विषाणू वाढतो आणि जीवाणूंच्या दाट थरात एक स्वच्छ गोल ठिपका उमटतो. निवडक पदार्थ न घातलेल्या दुसऱ्या ताटलीवरून एकूण विषाणू किती होते ते काढायचे आणि भागाकार करायचा. ओईसीडी (आर्थिक सहकार्य व विकास संघटना) या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 488 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार प्रत्येक प्राण्याच्या प्रत्येक ऊतीमागे किमान सव्वा लाख ते तीन लाख विषाणू तपासावेत अशी अपेक्षा आहे, आणि रसायन न दिलेल्या उंदरात त्यांतले मोजकेच बिघडलेले निघतात. गटात पाच प्राणी पुरतात. रसायन 28 दिवस देतात. 2020 च्या सुधारणेनंतर पुढे आणखी 28 दिवस थांबून ऊती काढण्याचा आराखडा पुढे आला, त्यामुळे हळू विभागणाऱ्या पेशी आणि शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी एकाच प्राण्यातून तपासता येतात.

म्हणजे येथे अर्धविराम यांच्या प्रश्नाचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. हा उंदीर ‘या ऊतीत या मात्रेला डीएनएमध्ये उत्परिवर्तने (कायमचे बिघाड) वाढली का’ एवढेच सांगतो. रसायन त्या ऊतीपर्यंत पोहोचले होते याचा पुरावा जोडलेला असेल, तर त्याच्या ‘नाही’ला वजन आहे. कर्करोग होईल की नाही, हे तो सांगत नाही आणि सांगण्याचा दावाही करत नाही. अर्थात मोठमोठे तुकडे गळून जाणे किंवा गुणसूत्रे तुटणे हे लॅक-झेडमध्ये नीट पकडता येत नाही, ही त्याची मर्यादा अहवालात लिहायलाच हवी.

प्रतिसाद: चौकस

मी या क्षेत्रातला नाही, तरी एक शंका. साध्या उंदराला एखाद्या रसायनाने कर्करोग झाला, पण माणसाला त्याच रसायनाने तो होणारच नाही, असेही घडू शकते ना? तेथे जनुकबदल केलेल्या प्राण्याचा काही उपयोग होतो का?

प्रतिसाद: अर्धविराम

चौकस, मला वाटते की या तंत्राचा सर्वांत मोलाचा उपयोग तुम्ही विचारलेल्या ठिकाणीच आहे.

रक्तातील चरबी कमी करणाऱ्या फायब्रेट गटातील औषधांनी उंदीर व रॅट यांच्या यकृतात गाठी होतात. माणसे ही औषधे वर्षानुवर्षे घेत आली आहेत आणि त्यांच्यात असे आढळलेले नाही. ही औषधे पीपीएआर-अल्फा नावाच्या ग्राहक-प्रथिनाला, म्हणजे रसायनाचा संदेश पकडून पेशीतील जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाला, चिकटून काम करतात. 1990च्या दशकात ते ग्राहक-प्रथिन काढून टाकलेले उंदीर तयार झाले आणि त्याच वर्गातील एक तीव्र रसायन दीर्घकाळ देऊनही त्यांच्या यकृतात गाठी झाल्या नाहीत; साध्या उंदरांत मात्र झाल्या. म्हणजे गाठींचा मार्ग या प्रथिनातूनच जातो, हे पक्के झाले. पुढचा प्रश्न असा की माणसाकडेही तेच प्रथिन आहे, मग माणूस का वाचतो? 2004 मध्ये उंदराचे प्रथिन काढून त्या जागी मानवी प्रथिन बसवलेले उंदीर तपासले गेले. औषध दिल्यावर त्यांच्यातही चरबी जाळणारी विकरे वाढली, रक्तातील चरबी उतरली, म्हणजे मानवी प्रथिन व्यवस्थित काम करत होते. परंतु यकृतातील पेशी मात्र साध्या उंदराप्रमाणे भराभर विभागू लागल्या नाहीत. औषधाचा गुण आणि गाठींचा धोका या एरवी एकत्र दिसणाऱ्या दोन गोष्टी इथे वेगळ्या झाल्या. हे दोन वर्षांच्या चाचण्या कितीही वेळा करून कळले नसते.

डायॉक्सिन या विषारी प्रदूषकाच्या बाबतीतही ग्राहक-प्रथिनातला फरक महत्त्वाचा आहे. सर्वाधिक संवेदनशील उंदीर-वंशांच्या तुलनेत मानवी प्रथिनाची डायॉक्सिनला धरून ठेवण्याची क्षमता सुमारे दहापटीने कमी आहे, आणि मानवी प्रथिन बसवलेल्या उंदरांत तसा मंद प्रतिसाद दिसतो.

प्रतिसाद: साक्षेपी

फायब्रेटचे उदाहरण उत्तम आहे, पण ते यशस्वी ठरलेले उदाहरण आहे. अपस्मारावरच्या फेनोबार्बिटाल या औषधाचे पाहा. त्यानेही उंदरांच्या यकृतात गाठी होतात, आणि त्याचा मार्ग सीएआर या ग्राहक-प्रथिनातून जातो. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत गाठी होत नाहीत. मग मानवी सीएआर आणि त्याचे जोडीदार पीएक्सआर बसवलेले उंदीर आले. एका अभ्यासात त्यांच्या यकृतपेशी फुगल्या, पण विभाजन वाढले नाही, तेव्हा माणसाला धोका नाही असे म्हणायला आधार मिळाला. नंतरच्या एका अभ्यासात आधी कर्ककारक देऊन मग फेनोबार्बिटाल दिले असता अशाच मानवीकृत उंदरांत गाठींची वाढ दिसली, साध्या उंदरांपेक्षा कमी असली तरी दिसली. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण एक-दोन प्रथिने मानवी असली तरी ती ज्या जनुकांना हुकूम सोडतात ती जनुके उंदराचीच असतात, यकृतही उंदराचेच, आणि त्या प्रथिनाचे प्रमाणही मानवी यकृताइतके असेलच असे नाही. ‘मानवीकृत’ या विशेषणाने वाचणाऱ्याचा जो समज होतो, त्यापेक्षा प्रत्यक्षातली गोष्ट फार लहान आहे. फेनोबार्बिटाल वर्षानुवर्षे घेतलेल्या अपस्माराच्या रुग्णांवरील निरीक्षणे मला या वादात कोणत्याही उंदरापेक्षा अधिक वजनदार वाटतात.

याच्या नेमकी उलट अशी, माणसाला घातक आणि प्राण्यांना निरुपद्रवी ठरलेली गोष्टही आहे. फायलुरिडिन हे कावीळ-ब वरचे औषध 1993 मध्ये अमेरिकेत 15 रुग्णांना दिले जात होते. आधीच्या प्राण्यांवरील चाचण्यांत यकृताला इजा दिसली नव्हती. रुग्णांपैकी सात जणांना यकृताची गंभीर इजा झाली, पाच दगावले आणि दोघे यकृतरोपणाने वाचले. वीसेक वर्षांनी, म्हणजे 2014 मध्ये, जनुकबदलाने स्वतःच्या यकृतपेशी नष्ट करता येतात अशा उंदरांत मानवी यकृतपेशी वाढवून तेच औषध दिले तेव्हा विषबाधा स्पष्ट दिसली. उत्साह वाढवणारा निष्कर्ष आहे, पण उत्तर आधी माहीत असताना घेतलेली ती चाचणी होती. नव्या रसायनाच्या वेळी यकृत मानवी करायचे, की मूत्रपिंड, की हृदय, हे आपल्याला कोण सांगणार?

प्रतिसाद: ध्रुवतारा

सगळी चर्चा उंदरांभोवती फिरते आहे, म्हणून एक भर. संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारी रसायने ओळखण्यासाठी ओईसीडीने अलीकडे तीन मार्गदर्शिका स्वीकारल्या: 2019 मध्ये बेडकाच्या भ्रूणांवरची 248, 2021 मध्ये झेब्रा माशाच्या भ्रूणांवरची 250 आणि 2022 मध्ये मेडाका माशावरची 251. तिन्हींत प्राण्यात हिरवा प्रकाश देणारे जनुक असे जोडलेले असते की थायरॉइड, इस्ट्रोजेन किंवा अँड्रोजेन यांचा मार्ग चालू झाला की भ्रूण चमकू लागतो. झेब्रा माशाच्या चाचणीत ही चमक मेंदूतल्या एका ठरावीक प्रकारच्या पेशींत दिसते, आणि भ्रूण पारदर्शक असल्यामुळे ती बाहेरूनच मोजता येते. बेडकाची चाचणी 72 तासांत संपते. स्वतःचे अन्न स्वतः मिळवण्याआधीच्या अवस्थेतली माशांची पिल्ले युरोपीय निर्देशाच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे रानजाई यांचे आकडेही इथे बदलतात. या चाचण्यांचा दावा मुळातच मर्यादित आहे: अमुक मार्गावर परिणाम झाला की नाही. मार्ग चौथाच असेल तर भ्रूण अंधारात राहील.

प्रतिसाद: रानजाई

ध्रुवतारा, कायद्याची कक्षा आणि वेदनेची कक्षा एकच आहे असे मी मानत नाही, पण सहा महिने गाठी वाढवण्यापेक्षा हे निश्चितच बरे आहे.

पाटीपेन्सिल यांना एक प्रश्न. तुमचा विषाणू-जीवाणूंचा सगळा खटाटोप डीएनएमधले दुर्मीळ बिघाड शोधण्यासाठी आहे. आता डीएनए थेट वाचता येते. मग उंदराच्या अंगात विषाणू घालण्याची गरजच काय?

प्रतिसाद: पाटीपेन्सिल

प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा आहे. अडचण अशी होती की वाचन-यंत्राच्या स्वतःच्या चुकाच हजारात एक-दोन या प्रमाणात असतात आणि आपण शोधत असलेले बिघाड दर कोटी अक्षरांमागे एखादे असते. त्यामुळे खरा बिघाड यंत्राच्या गोंगाटात हरवून जाई. 2012 मध्ये ‘डुप्लेक्स’ वाचनपद्धत आली. तीत डीएनएच्या दोन्ही धाग्यांना वेगवेगळी ओळखचिन्हे लावून ते स्वतंत्रपणे वाचतात आणि एखादा बदल दोन्ही धाग्यांवर परस्परपूरक असा आढळला तरच तो खरा धरतात. यंत्राची चूक दोन्हीकडे नेमकी तशीच होणे जवळजवळ अशक्य असल्याने गोंगाट बाजूला पडतो. याला कोणताही जनुकबदल लागत नाही. कोणताही प्राणी, कोणतीही ऊती, आणि बिघाड कोणत्या अक्षराचे कोणत्या अक्षरात झाले याचा आराखडाही आपोआप मिळतो.

यातला रानजाई यांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा. बहुतेक रसायनांची 28 दिवसांची साधी विषबाधा-चाचणी रॅटवर तशीही केली जाते. त्याच प्राण्यांच्या यकृताचा, अस्थिमज्जेचा तुकडा गोठवून ठेवला तर उत्परिवर्तनांसाठी वेगळे प्राणी मागवण्याची गरज उरत नाही. मात्र नव्या पद्धतीचा आकडा किती वाढला म्हणजे चिंता करायची, हे ठरवायला जुने मोजमाप समोर लागते, आणि ते मोजमाप म्हणजे गेल्या तीस वर्षांत म्यूटा-माऊस व बिग ब्लू यांच्यात जमलेली माहिती आहे. सध्या त्याच उंदरांच्या त्याच ऊतीतून दोन्ही पद्धतींनी आकडे काढून शेजारी शेजारी ठेवण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे. ते जुळत गेले, तर आमच्या ताटल्यांचे काम संपेल आणि मला त्याचे दुःख होणार नाही.

प्रतिसाद: अर्धविराम

यात एक व्यावहारिक अडचण राहते. 28 दिवसांच्या चाचण्या करणाऱ्या बऱ्याच प्रयोगशाळा ऊती फक्त फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, आणि फॉर्मॅलिनमुळे डीएनएमध्ये स्वतःचेच बदल होतात. त्यामुळे रसायन देण्यापूर्वीच आराखड्यात ‘प्रत्येक प्राण्याच्या यकृताचा एक भाग ताबडतोब गोठवावा’ असे एक वाक्य घालून घ्यावे लागेल. मी आराखडे तपासतो तेव्हा आता ते वाक्य आहे का, हे पाहतो; बहुतेक वेळा नसते, आणि परत पाठवले की कोणी हरकत घेत नाही.